संध्याकाळचा रकाना

लोक खिशाला पेन लावतात तसा आमचे रडारकाका खिशाला थर्मामीटर लावत. तापाचा नव्हे, हवेचा. पितळी नळीत बसवलेला, वितीएवढा. कोणी भेटलं की 'काय म्हणता, बरं आहे का' विचारायच्या आधी ते तो काढत, डोळे बारीक करून पाहत आणि म्हणत, "एकोणचाळीस. हां, बोल आता." समोरचा जे बोलणार आहे त्यातलं किती त्याचं आणि किती उन्हाचं, हे जणू त्यांना आधी ठरवून घ्यायचं असे.

घाटंजीच्या बाजाररस्त्यावर त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दाराशी एक काळी फळी, तिच्यावर खडूने आखलेले तीन रकाने: सकाळ, दुपार, संध्याकाळ. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसं आधी फळी वाचत आणि मग त्यांना उकडायला लागे. शेजारी ट्रॅक्टर दुरुस्त करणारे रहीमभाई म्हणत, "वामनभाई, तुम्ही लिहिता म्हणून गरम होते. दोन दिवस फळी उलटी ठेवून पाहा ना." एकदा एक म्हातारी तापलेला नातू काखेत घेऊन थेट दुकानात आली. काकांनी समजावलं, "आजी, हा हवेचा आहे, तापाचा नाही." म्हातारी म्हणाली, "मंग याले हवाच लागली आहे ना बापा." काकांनी मुकाट्याने दुकान ओढून घेतलं आणि तिला डॉक्टरकडे पोचवून आले.

काका हवाईदलात रडार मेकॅनिक होते. बरीच वर्षं वाळवंटात काढली. परत आले तेव्हा सोबत एक पत्र्याची पेटी, एक सोल्डरिंगची झिजलेली कांडी आणि हा थर्मामीटर. लग्न केलं नव्हतं. का म्हणून विचारलं की "बदल्यांत राहून गेलं" एवढंच म्हणत, जसं काही ते कुठल्या तरी स्टेशनच्या बाकड्यावर राहून गेलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत राहत आणि जेवण आमच्याकडचं. बाबा त्यांचे थोरले भाऊ. आमचं घर गावाच्या कडेला, पलीकडे शेत आणि शेतात कापसाची पऱ्हाटी. दुपारी एकला आई डबा भरे, मी सायकलवर तो नेई आणि तीनला रिकामा परत आणी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झालेल्या चोवीस वर्षांच्या माणसावर एवढी जबाबदारी टाकणं म्हणजे घरच्यांचा मोठेपणाच होता.

डबा खाता खाता काका मला शिकवत. कॉलेजात मला जे तीन प्राध्यापकांना शिकवता आलं नाही ते काकांनी एका भाकरीत शिकवलं. भाकरीचा एक तुकडा डाव्या हाताला ठेवत. "ही कॉइल. रडारमधी एक ऑसिलेटर असते, ठरलेल्या ठेक्यात थरथरणारं सर्किट. सगळं रडार त्याच्या ठेक्यावर चालते. ऊन वाढलं की कॉइल फुगते अन् ठेका ढिला पडते. ठेका सरकला की पडद्यावरचं विमान पुसट होते. विमान तिथंच आहे, आपलंच ध्यान हललं."

"मग पंखा लावायचा," मी म्हटलं.

"वाळवंटात पंखा गरम हवाच मारते, शहाण्या." मग उजवीकडे दुसरा तुकडा ठेवत. "त्याच्याजवळ असा कपॅसिटर लावायचा का तो तापला की आकसला पाह्यजे. एक जेवढा इकडं सरकला तेवढाच दुसरा तिकडं सरकला, तर मधला ठेका जागच्या जागी. न सरकणारा पुर्जा देवानं बनवलाच नाही. म्हणून उलटा सरकणारा शोधा लागते." मग दोन्ही तुकडे एकदम वरणात बुडवून तोंडात घालत आणि रडार संपे.

हे ज्ञान आमच्या गावात कधी उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. पडलं ते कापसाच्या खरेदी केंद्रावर.

ती वर्षं आमच्याकडे वाईट होती. त्यांच्याबद्दल सगळं लिहून झालेलं आहे, मी नवीन काय लिहू. एवढंच सांगतो की त्या वर्षांत कोणाच्या घरचा तरुण पोरगा दुपारी दार लावून बसला की घरातलं माणूस काही ना काही काम काढून दाराबाहेर बसून राही. आमच्या घरी तो पोरगा मी होतो. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी डब्याची फेरी सोडली तर भिंतीकडे तोंड करून पडून असे. आईने गोठ्यातलं फवारणीचं औषध उचलून शेजारी नेऊन ठेवलं होतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तेव्हा मला एवढंच दिसे की आई माझ्या दाराशी बसून तास-तासभर तीच ती तूर निवडते आहे.

केंद्रावर कापसाचा ओलावा मोजायचं एक मीटर होतं. गोल डब्यात कापूस दाबून भरायचा, झाकण लावायचं, काटा हलायचा. बारा टक्क्यांच्या आत पास, वर गेला की बैलबंडी परत. आणि गावभर बोलणं असं, की सकाळी मीटर मऊ असतं आणि दुपारी कडक. सकाळचे नंबर ज्यांची ओळखपाळख आहे त्यांना मिळत. बाकीचे दुपारी दोनला, खडखडीत वाळलेला कापूस घेऊन, 'ओला आहे' असं ऐकून परत जात. लोक म्हणत, कापूस तपासणारा ग्रेडर खातो. बिचारा ग्रेडर नवीनच आलेला, घाबरट माणूस होता. तो काटा पाहून सांगे तेवढंच.

काका चार दिवस थर्मामीटर घेऊन ग्रेडरच्या टेबलाशी उभे राहिले. पाचव्या दिवशी डबा उघडता उघडता मला म्हणाले, "ग्रेडर खात नाही, ऊन खाऊन राह्यलं. त्या मीटरमधीही ऑसिलेटरच आहे. थंडीत दोन कमी दाखवते, उन्हात दोन जास्त. वाळवंटातलं दुखणं पायापायानं घाटंजीले आलं." मग जरा थांबून म्हणाले, "हे कोणाजवळ बोलू नको. सकाळच्या लायनीतल्यांले आकडा समजला तर मापून पाणी मारतीन."

ग्रेडरने सुटीच्या दोन दिवसांसाठी मीटर त्यांना दिलं. काकांनी पत्र्याच्या पेटीत शंभरचा बल्ब लावून भट्टी केली, बर्फगोळेवाल्याकडून बर्फ आणून थंडी केली आणि जुन्या रेडिओंतून काढलेले कपॅसिटर एकेक करून लावून पाहिले. मापायला कापूस लागे तो आमच्याच कोठीतला, बाबांनी स्वतः काढून दिलेला, काचेच्या बरणीत बंद केलेला. बाबा म्हणाले होते, "वामन्या, माहा कापूस घे. यात पाण्याचा थेंब नाही. मीटर खोटं बोललं तर लगेच समजन." बरणीवर काकांनी चिठ्ठी चिकटवली: साडेदहा. गार असो की गरम, काटा साडेदहावरून हलणार नाही तोवर त्यांनी मीटर सोडलं नाही.

आता माझा भाग.

त्याच आठवड्यात आमच्या बंडीला कधी नव्हे तो सकाळचा नंबर मिळाला. मी हिशेब मांडला. सकाळी मीटर दोन कमी दाखवतं. बंडीत आठ क्विंटल कापूस. त्याचे दोन टक्के म्हणजे एक गुंड, मोठी घागरभर पाणी; वजन वाढेल आणि काट्याला कळणार नाही. दोनदा नापास झालेल्या माझ्या आयुष्यात भौतिकशास्त्राचं बरोबर सुटलेलं ते एकमेव गणित. कोणासाठी केलं? बाबांसाठी, असं मी स्वतःला सांगितलं. आपलं डोकं घराच्या कामी आलं, असं एकदा तरी बाबांना वाटावं. म्हणजे सांगायचं नव्हतंच त्यांना, पण वाटावं. दिवेलागणीला बाबा गावात गेले होते. मी लिंबाच्या डहाळीने कापसावर पाणी शिंपडलं, हाताने वरखाली केलं, पुन्हा शिंपडलं. इतकं मन लावून मी कुठलंच काम केलं नव्हतं.

काकांना जमेपर्यंत मीटर होतं तसंच वापरतील असं मी धरलं होतं; ते दुरुस्त होऊन त्याच सकाळी केंद्रावर परत जाणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं. गणितात मी कायम शेवटची ओळ वाचायचा राहतो.

केंद्रावर पहिली बंडी आमची. काका ग्रेडरच्या शेजारी उभे होते, नवीन इस्त्रीचा शर्ट घालून. आमची बंडी पाहून त्यांचा चेहरा असा काही खुलला की मला अजून आठवतो. दुरुस्त मीटरमध्ये पहिला कापूस भावाचा, त्यातही ज्याचा नमुना बरणीत होता तोच. त्यांनी स्वतः डबा भरला. काटा साडेबारावर गेला.

काकांनी डबा रिकामा केला. बंडीच्या मधून दुसरा कापूस काढून भरला. साडेबारा. मागून काढला. साडेबारा. मग खिशातला थर्मामीटर काढून पाहिला, परत ठेवला. आणि मान वळवून बंडीच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. साडेदहा अधिक दोन. तो दोनाचा आकडा त्यांनी उभ्या घाटंजीत एकाच माणसाला सांगितला होता.

"वामन्या, मीटर पाह्य बरं नीट," बाबा म्हणाले.

काका माझ्याकडेच पाहत होते. मागे तीस-चाळीस बंड्या, माणसं उतरून जवळ आलेली.

"मीटर बरोबर आहे, दादा."

"म्हणजे माह्या कापसात पाणी आहे?"

काकांनी मीटरच्या डब्याचं झाकण लावलं.

"चारचौघांत बोल ना गा. मोठ्या भावानं पाणी मारलं म्हणून सांग."

"मीटर बरोबर आहे," काका पुन्हा म्हणाले, आणि आता ते बाबांकडेही पाहत नव्हते आणि माझ्याकडेही नाही.

बाबांनी बंडी वळवली. घरी येईपर्यंत ऊन चढलं. त्यांनी अंगणात कापूस पसरला, तासाभराने त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि आईला म्हणाले, "पाह्य. कोरडा ठक्क आहे. त्याचं मीटर खोटं अन् तोही खोटा." पाणी केव्हाच उडून गेलं होतं. माझ्या गणिताचा पुरावा उरला नाही. मी खोलीत गेलो आणि दार लावलं. आई तूर घेऊन दाराशी येऊन बसली.

काकांच्या त्या कपॅसिटरने एक हंगाम काम केलं. सकाळ-दुपार सारखीच झाली. सकाळच्या लायनीतले लोक ओरडले, दुपारचे कोणी हार घेऊन आले नाहीत. पुढच्या वर्षी नवं मीटर आलं आणि दुपारी कडक व्हायला लागलं. एवढ्यासाठी काकांनी भाऊ गमावला, असं लोक म्हणत. कशासाठी गमावला ते फक्त काका आणि मी जाणत होतो, आणि आम्ही दोघं त्यावर अकरा वर्षं बोललो नाही.

भावाभावांचं बोलणं बंद झालं. पण डबा बंद झाला नाही. पहिल्या दिवशी आईने भीत भीत डबा भरला. बाबा ओसरीवर बसले होते, छपराकडे पाहून म्हणाले, "डबा गेला का?" आई म्हणाली, "जाऊन राह्यला." विषय संपला. मग रोज, अकरा वर्षं, एकच्या सुमारास छपराला उद्देशून तोच प्रश्न.

त्या पहिल्या दिवशी रिकामा डबा परत आला तेव्हा वरच्या झाकणात एक चिठ्ठी होती. रेडिओच्या पावतीचा उलटा कागद, निळ्या शाईत फळीसारखेच तीन रकाने. सकाळ १५. दुपार ३४. संध्याकाळ, आणि पुढे कोरं, कारण डबा तीनलाच परत येई. आईने चिठ्ठी ओसरीवर ठेवली. बाबांनी ती वाचली, चौकोनी घडी केली आणि खिशात टाकली. मला वाटलं, फाडून फेकतील.

चिठ्ठी रोज यायला लागली. ज्वारी कापायची असली की दुपारच्या आकड्याशेजारी 'ढग' असा एक शब्द जास्त असे आणि बाबा माणसं लवकर बोलावत. कोणी विचारलं, पाऊस येणार हे तुम्हाला कसं कळलं, तर म्हणत, "डब्यात आलतं."

माझं लग्न ठरायच्या वेळी आईने मुलीचा फोटो डब्यात घातला. परत आला तेव्हा चिठ्ठीखाली लिहिलं होतं: 'पोरगी तापल्यावर कशी होते ते विचारावे. आपला तापला की ढिला पडतो. कडक होणारी पाहिजे.' बाबांनी ते दोनदा वाचलं. आणि बैठकीत, पोहे खाऊन झाल्यावर, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना गंभीरपणे विचारलं, "पोरगी तापली की कशी होते?" सासरे गोंधळून म्हणाले, "आम्ही लगेच दवाखान्यात नेतो जी." आतून मुलीचाच आवाज आला, "मी तापली की समोरच्याले दवाखान्यात न्या लागते." बाबा म्हणाले, "जमलं." कपॅसिटर आजपर्यंत उत्तम काम देतो आहे, ही ओळ मी तिला वाचून दाखवलेली नाही.

लग्नाला काका आले, पण नवरदेवाचे काका म्हणून नाही, माईकवाले म्हणून. मांडवाच्या शेवटी भोंग्याच्या पेटीशी स्टूल टाकून बसले. अक्षतांच्या वेळी एक क्षणही आवाज खरखरला नाही. पंगत बसली तेव्हा बाबा आईला म्हणाले, "माईकवाल्याले जेवलं का विचार." आईने दोन माणसांचं ताट वाढून पाठवलं.

या सगळ्या वर्षांत मी रोज काकांसमोर बसत होतो. भिंतीकडे तोंड करून पडणं केव्हाच सुटलं होतं. काकांनी ते सोडवलं. केंद्रावरच्या त्या सकाळनंतर आठव्या दिवशी त्यांनी माझ्या हातात सोल्डरिंगची कांडी दिली आणि म्हणाले, "बस इथं. तुले माप समजते." दुसरा कोणी असता तर ते वाक्य टोमणा झालं असतं. मी बसलो. रेडिओ गेले, मोबाईल आले, मी त्यांच्या दुकानाच्या अर्ध्या भागात मोबाईल दुरुस्ती सुरू केली. काका मोबाईल कानाला लावून पाहत आणि म्हणत, "याच्यातही ऑसिलेटर आहे. पण गरम झालं की लोक त्याले नाही, बायकोले बोलतात." मी हसे. आणि दर वेळी वाटे, आज सांगावं. काकांना सांगावं की पाणी मी मारलं. बाबांना सांगावं. एकदा मी 'काका, ते त्या दिवशी...' इथपर्यंत गेलो होतो. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि वाट पाहिली. मी म्हणालो, "...ते त्या दिवशीचं सोल्डर कुठलं होतं?" त्यांनी कुठलं ते सांगितलं आणि काम परत उचललं.

अकराव्या वर्षी त्यांची छाती भरली. यवतमाळला दवाखान्यात ठेवलं. एप्रिल होता. मी बसून होतो, ते थर्मामीटर मागत होते. हातात दिला तर त्यांना आकडा वाचता येईना, मला वाचायला लावला. "सदतीस, काका." "हां," ते म्हणाले, "बोल आता."

मग बोललो. म्हटलं, "काका, पाणी मी मारलं होतं. एक गुंड."

"दोन टक्के," ते म्हणाले. "माहीत आहे. इतकं मापून पाणी मारणारा माह्याच हाताखालचा असन."

"मग तुम्ही बाबांले काहून नाही सांगतलं?"

त्यांना दम लागत होता. थांबून थांबून बोलले. "त्या वर्षी? तुह्या दाराशी वहिनी तूर निवडत बसली होती त्या वर्षी?" मग म्हणाले, "दादा रागावला तर मी सरकून जाईन म्हटलं. तू कुठी सरकला असता?"

"मग नंतर?"

"नंतर मी सांगतलं असतं तर चहाडी झाली असती. ते तुह्यं काम होतं. मी वाट पाहून राह्यलो होतो." आणि डोळे मिटून म्हणाले, "जा, सांग त्याले. अन् घेऊन ये."

मी संध्याकाळच्या गाडीने घाटंजीला आलो. बाबा ओसरीवर होते. मला पाहून छपराला म्हणाले, "कसं आहे?" मी म्हणालो, "बरं आहे." आई म्हणाली, आधी जेवून घे. मी जेवलो. जेवताना ठरवलं, सकाळी सांगू; सकाळच्या गाडीने दोघं सोबतच जाऊ, वाटेत सांगू. वाटेत सांगणं सोपं जाईल, समोर पाहावं लागत नाही. मी तापलो की ढिला पडतो, हे काकांनी लेखी दिलेलंच होतं.

सकाळी सहाला रहीमभाई दारात उभे. दवाखान्यात काकांनी दुकानशेजारी म्हणून त्यांचाच नंबर दिला होता, तिथून फोन आला होता. टोपी हातात घेऊन ते बाबांसमोर नुसते उभे राहिले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "केव्हा?" रहीमभाई म्हणाले, "आत्ता, भाऊसाहेब. घंटाभर झाला."

बाबा रडले नाहीत. अंत्यविधीला शेवटपर्यंत उभे होते. कोणीतरी त्यांच्या कानाशी म्हणालं, शेवटी शेवटी तरी बोलायचं होतं. बाबा म्हणाले, "त्यानं एक शब्द म्हणायचा होता. चुकलं म्हणून." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

तेरवीसाठी मोठं पातेलं काढायला मी माळ्यावर चढलो. पातेल्यामागे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. उघडला. काकांच्या चिठ्ठ्या. सगळ्या. चौकोनी घड्या, वर्षावर्षाला सुतळी बांधलेली. सकाळ आणि दुपार निळ्या शाईत. आणि प्रत्येक चिठ्ठीवर, संध्याकाळच्या कोऱ्या रकान्यात, पेन्सिलीने आकडा भरलेला. बाबांच्या अक्षरात. आमच्या ओसरीच्या भिंतीवर काकांनीच कधी काळी ठोकून दिलेला एक थर्मामीटर होता. बाबा रोज संध्याकाळी त्याच्यासमोर उभे राहत, हे मी अकरा वर्षं पाहत होतो. मला वाटे, म्हातारा माणूस, उकडत असेल.

माळ्यावरून मी कसा उतरलो ते आठवत नाही. डबा बाबांसमोर ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. सगळं. दोनाचा आकडा, गुंड, लिंबाची डहाळी, दवाखाना, आणि 'बरं आहे' म्हणून जेवायला बसलो तेही.

बाबांनी पूर्ण ऐकलं. मग एकच विचारलं. "त्यानं मीटर बरोबर आहे म्हटलं, तेव्हा तू कुठी उभा होता?"

"बंडीच्या मागं."

ते उठले, टोपी घातली आणि काकांच्या दुकानात गेले. पुष्कळ वर्षांनी त्या दारातून आत. रहीमभाईंनी नंतर सांगितलं, फळीवर काकांनी दवाखान्यात जायच्या दिवशी लिहिलेला सकाळचा आकडा तसाच होता, बाबा त्याच्याकडे तोंड करून दिवे लागेपर्यंत स्टुलावर बसले होते. चहा आणला तर घेतला नाही. खडू मात्र उचलून हातात धरला होता. लिहिलं काही नाही.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलायचे थांबले. आमच्या घराला त्याची सवय होती, त्यामुळे फार अडलं नाही. निरोप आईमार्फत येत, कधी माझ्या बायकोमार्फत. ती ते तापवून देई. मी दिवसभर दुकानात असे. एकला माझा डबा येऊ लागला, माझा मोठा पोरगा शाळेतून आला की घरून आणून देई आणि मी संध्याकाळी तो घरी नेई. ओसरीवरून रोज प्रश्न येई म्हणे, "डबा गेला का?" बायकोने हे सांगितलं तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसून आलो.

काकांचा थर्मामीटर माझ्या खिशात असतो. लोक हसतात. मी त्यांच्यासारखा आकडा सांगत नाही. नुसता पाहतो आणि मग बोलतो. फळी मी पुसली नव्हती. तो शेवटचा आकडा खडूचा, फिका होत होत नुसता डाग उरला.

जानेवारीतल्या एका दुपारी डबा उघडला. झाकणात चौकोनी घडी. पोराच्या वहीचा कागद, पेन्सिलीने आखलेले तीन रकाने, आकडे बाबांच्या अक्षरात. सकाळ १६. दुपार ३०. संध्याकाळ, आणि पुढे कोरं.

भाकरी तशीच राहिली. गिऱ्हाईक आलं, मी त्याला उद्या ये म्हटलं. सूर्य जिनिंग मिलच्या चिमणीमागे गेला तेव्हा दाराबाहेर जाऊन थर्मामीटर काढला, डोळे पुसून पाहिला आणि कोऱ्या रकान्यात आकडा भरला. चिठ्ठीची होती तशी घडी केली, झाकणात ठेवली.

घरी बाबा ओसरीवर भिंतीशी उभे होते. मी डबा आईकडे न देता त्यांच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडलं, घडी उलगडली, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला. मग भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठीकडे. नऊ महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलले.

"अर्धा जास्त लिहिला तू."